काफीच्या यंत्राची तब्येत

"म्हस एवढं घट्ट दूध देती, आन् आमी पितोय काय, तर काळं पानी. औषधावर तरी गुळाचा खडा देत्यात."

अक्काताई हे स्वतःशीच म्हणाल्या. कप ओठांशी धरून, तोंड भिंतीकडे करून. पण त्यांच्या पाठीला पाठ लागेल इतक्या जवळ त्यांची थोरली सून त्रिशला तांदूळ निवडत बसली होती. तिनं ऐकलं, आणि त्या नादात चांगले चार तांदूळ खडे म्हणून बाहेर टाकले.

सासूबाई कुरकुरल्या याचं तिला काही वाटलं नाही. अक्काताई मगदूम कुरकुरत आहेत तोवर सगळं ठीक आहे, असा शुक्रवार पेठेतल्या त्या गल्लीचा अनुभव होता. त्रिशला चकित झाली ती पुढच्या गोष्टीनं. त्यांनी कप संपवला, बुडाशी बघितलं, नि कप मागं करून म्हणाल्या, "ओत अजून अर्धा."

कडू लागतंय, आवडत नाही, आणि अजून अर्धा! त्रिशलानं थर्मास वाकडा केला. दुपारचे बारा वाजून गेले होते आणि सकाळी सातची काफी अजून वाफाळत होती. हेच तर दुखणं होतं. पूर्वी घरात एखादा पदार्थ बिघडला तर एक सोय असायची. थोडा वेळ जाऊ द्यायचा, "अगं बाई, गार झालं की" म्हणायचं आणि मोरीत ओतायचं. या थर्मासनं ती सोय मोडली. त्यात काफी गारच होत नव्हती. सकाळी दहा कप व्हायची, आणि ती दहाच्या दहा दिवे लागेपर्यंत टेबलावरून घरातल्या तिघांकडे बघत राहायची.

हा थर्मास ज्याचा, ते काफीचं यंत्र अमेरिकेहून आलं होतं. पाठवणारा भरतेश, अक्काताईंचा धाकटा मुलगा, त्रिशलाचा दीर. शिकायला म्हणून गेला तो तिकडंच नोकरीला लागला, आणि पाच वर्षांपूर्वी त्यानं तिकडच्याच एका मुलीशी, सुझानशी, लग्न केलं. ते कळवणारं पत्र आलं त्या दिवशी अक्काताईंनी थोरल्याला, तात्यासोला, समोर बसवून उत्तर लिहायला लावलं. उत्तर एका ओळीचं होतं. "ह्या उंबऱ्यात पाय ठेवायचा न्हाय." तात्यासो पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. वरिष्ठांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहायची सवय हाडात मुरलेली. त्यानं 'न्हाय'चं 'नाही' केलं आणि पत्र पेटीत टाकलं.

ती ओळ विमानानं गेली. वर्षभरानं, चातुर्मासात, अक्काताई जैन बस्तीत, म्हणजे देवळात, मुनिमहाराजांसमोर हात जोडून उभ्या राहिल्या आणि त्यांनी नियम घेतला: धाकटा घरी येईपर्यंत चहाचा त्याग. मागं उभ्या असलेल्या त्रिशलानं तो कानांनी ऐकला. दिवसाला सहा कप चहा पिणारी बाई ती! म्हणजे एकीकडून लेकाला यायला बंदी, आणि दुसरीकडून तो येईपर्यंत चहाला बंदी. स्वतःच दोन्ही दारांना कड्या घालून अक्काताई मध्ये बसल्या, आणि वर गल्लीत सांगत सुटल्या, "पित्त उठतंय म्हणून सोडला."

गल्लीला खरं काय ते दोन दिवसांत कळलं. पण कुणी बोललं नाही. त्रिशलानं एकदा नवऱ्यापाशी विषय काढला. "भावजींना लिहू का, या म्हणून?"

तात्यासो सदऱ्याचं बटण लावता लावता थांबला. "आणि तो आला, आणि आईनं दारात तोंड फिरवलं तर? वाक्य तिचं हाय, ती मागं घेईल तवा घेईल. आपण मधे पडायचं नाही."

ते त्रिशलालाही पटलं. नको ते झालं तर दीर कायमचा तुटायचा आणि म्हातारीचा चहाही कायमचा. म्हणून तिनं दिराला दर महिन्याच्या पत्रात सगळं लिहिलं, एवढं एक सोडून. "आत्याबाईंनी चहा सोडला" असं लिहिलं, का सोडला ते गाळलं. बिचाऱ्या भरतेशनं मग सरळ हिशेब केला. आईनं चहा सोडला, तर तिला काफी धाडू.

पार्सल आलं ते अक्काताईंच्या नावानं. पोस्टातला कारकून म्हणाला, "ज्यांचं नाव त्यांनी यायचं. न्हाय तर अधिकारपत्र आणा." पार्सलच्या कागदावरची वस्तू वाचून त्यानं चष्मा वर केला. "काफीचं यंत्र? हॉटेल हाय तुमचं?"

"नाही हो. घर आहे," तात्यासो म्हणाला.

"घरात काफीला यंत्र कशाला लागतंय? बायकू न्हाय?"

"ही काय शेजारी उभी हाय!"

कारकुनानं त्रिशलाकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. एवढी धडधाकट बाई असून यांना काफीला अमेरिकेचं यंत्र लागतं, हे त्याच्या नजरेत स्पष्ट लिहिलेलं होतं. बावीस वर्षं त्या घरात दिवसाला दोनदा सोळा पोळ्या लाटणाऱ्या त्रिशलाला ती नजर पुढं आठवडाभर पोळपाटावर दिसत होती.

अधिकारपत्रावर सही करायला अक्काताई तयार होईनात. दोन दिवस कागद देव्हाऱ्याशेजारी पडून राहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेन मागितलं. "सही करतो ती सरकारसाठी. पोस्टात उगंच अडगळ कशाला त्यांच्या." म्हातारी कुरुंदवाडची, मन हललं की बायकांसारखं बोलायचं विसरायची.

खोक्यातून निघालं ते पांढरंशुभ्र, गुळगुळीत, डोक्यावर झाकण आणि पोटाखाली स्टीलचा थर्मास असलेलं ध्यान. सोबत गाळायचे कागद, टोपीसारखे. गल्ली गोळा झालीच. समोरच्या लाकडाच्या वखारीचे मालक गणपतराव पुढं सरसावले. तरुणपणी तालमीत घुमलेला माणूस; कुठल्याही वस्तूला आधी तो हातानं तोलून बघे. त्यांनी यंत्र उचललं, हलवलं, नि निकाल दिला, "हलकं हाय. लावा वीज."

"थांबा!" शेजारचा निसार विजेच्या जळक्या मोटारींत नवी तार भरायचा धंदा करणारा. त्यानं यंत्र उलटं करून बुडाखालची पट्टी वाचली. "वैनी, ही अर्ध्या विजेवर चालणारी वस्तू. आपल्या विजेला लावली तर काफी न्हाय, राख मिळंल."

"वीज ती वीज. अर्धी आन् पुरती काय असती?" गणपतराव म्हणाले.

"वखारीतली तुमची जळालेली मोटार आठवा, पैलवान, मग बोला."

निसारनं इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या भंगारातून लोखंड आणून त्यावर तांबं गुंडाळलं आणि लाकडी पेटीत घालून वीज अर्धी करणारा एक ट्रान्सफॉर्मर तयार केला. तो यंत्राच्या चौपट. टेबलाखाली बसून तो घुमायचा, आणि तो घुमायला लागला की बैठकीतला दिवा मान टाकायचा. नव्या पाहुण्याला वाटे खाली मधमाश्यांचं पोळं आहे. त्रिशलानं त्यावर भरतकामाचा रुमाल टाकला. रुमाल थरथरायला लागला.

आता अडचण अक्काताईंची. यंत्रात न गाळलेलं पाणी जाता कामा नये. त्यांनी स्वतः फडकं दुहेरी करून पाणी गाळलं, ते टाकीत ओतलं, आणि मग त्यांचं लक्ष त्या कागदी टोपीकडं गेलं.

"हे कशाला?"

"गाळायला, आत्याबाई. यंत्र पण गाळतंय."

अक्काताई बराच वेळ कागद उजेडात धरून बघत राहिल्या. "म्हंजे तिकडची माणसं बी गाळून पित्यात म्हणायची," त्या म्हणाल्या. मग अगदी सहज विचारल्यासारखं, "सगळीच व्हय? बायकाबी?"

त्रिशलानं "सगळीच" म्हणून सांगून टाकलं. अमेरिकेतल्या बायका काय करतात हे तिला ठाऊक नव्हतं, पण उत्तर कुठं पोचायचं आहे ते ठाऊक होतं.

काफी झाली. उडप्याच्या ओळखीनं आणलेली ताजी पूड, गाळलेलं पाणी, गाळणारं यंत्र. एकेक घोट घेऊन सगळे एकमेकांकडं बघू लागले. गणपतराव सभ्य माणूस, त्यांनी खिडकीबाहेर बघत गिळली आणि म्हणाले, "मिस्त्री, यंत्र बरोबर हाय. चूक तुमची हाय. कोल्हापुरात कुणी पाण्याची काफी करतंय व्हय? दूध घाला त्यात, दूध! साखर घालून!"

हे बोलणं इतकं कोल्हापुरी होतं की निसारलासुद्धा 'नको' म्हणायचं सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी टाकीत पाण्याऐवजी शेरभर म्हशीचं दूध आणि वाटीभर साखर गेली. यंत्र थोडा वेळ विचारात पडलं. मग त्याच्या पोटात गुरगुर झाली, झाकण उचललं गेलं, आणि चहूबाजूंनी फेस येऊन टेबल, रुमाल, ट्रान्सफॉर्मर असं सगळं न्हाऊन निघालं. शेवटी एक दीर्घ सुस्कारा टाकून यंत्र गप्प झालं. निसारनं उघडलं तेव्हा आतल्या नळीत बोटभर जाड साय बसलेली. "लोणी निघंल ह्यातनं," तो म्हणाला.

यंत्र मेलं असं घरानं धरलं. आणि तेव्हा ती गोष्ट घडली, जिच्यामुळं पुढचं सगळं झालं. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवण आटोपून अक्काताई त्रिशलाजवळ येऊन बसल्या. "लिव त्याला."

त्रिशलानं हातातलं भांडं खाली ठेवलं. "कुणाला?"

"ज्यानं धाडलंय त्याला. माझ्या नावानं न्हाय, तुझ्या नावानं. विचार, यंत्राला दूध चालत न्हाय काय. आन् विचार, ते कागद संपल्यावर काय करायचं."

पाच वर्षांत त्या उंबऱ्याच्या ओळीनंतर लेकाला गेलेलं हे आईचं पहिलं वाक्य. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. चार पानं. नळी कशी साफ करायची, सिरका, म्हणजे व्हिनेगर, पाण्यात मिसळून यंत्र दोनदा कसं चालवायचं. ही युक्ती सुझानची. सगळं वाचून झाल्यावर तळाशी एक ओळ होती.

"विचारलंय, आई कशी आहे," त्रिशलानं सांगितलं.

अक्काताई शेवग्याची शेंग सोलत होत्या. "आन् यंत्राचं विचारलं न्हाय?"

"विचारलंय की. यंत्र कसं आहे म्हणून."

"मग लिव. यंत्राची तब्येत बरी हाय. जरा अशक्तपणा हाय, पण बरी हाय." शेंगेची शीर ओढत म्हणाल्या, "आन् ते सिरक्याचं लागू पडलं म्हणून कळव. तिला."

अशी यंत्राच्या नावाखाली आईची लेकाशी पत्रापत्री सुरू झाली. यंत्र खोकायला लागलं की पत्र जाई. दिवा लुकलुकला की पत्र जाई. "यंत्र अलीकडं उदास असतं" असंही एकदा अक्काताईंनी लिहायला लावलं. तात्यासोनं ते वाचून चष्मा पुसला आणि ऑफिसच्या भाषेत 'विषय : यंत्र' असं वर लिहावं का म्हणून विचारलं.

आणि मग निसारनं घात केला. त्यानं नळी बदलली, तारा बदलल्या, गाळायच्या कागदाच्या मापाचं पातळ फडकं कुलसुमकडून, म्हणजे आपल्या बायकोकडून, शिवून आणलं. यंत्र ठणठणीत झालं. आठवडा गेला, महिना गेला, दीड महिना गेला. यंत्र गुणी पोरासारखं वागत होतं. रोज सकाळी अक्काताई विचारत, "आज बरं चाललंय न्हवं?" आणि "व्हय" म्हटलं की हिरमुसल्या तोंडानं कप घेऊन भिंतीकडं वळत. लिहायला काही नव्हतं. पत्र नव्हतं.

एका मंगळवारी, अंघोळ करून, देवाला नमस्कार करून, त्रिशला स्वयंपाकघरात एकटी उभी राहिली. तिनं खिडकीतून अंगणात बघितलं. दारात बघितलं. मग कपभर दूध घेतलं. पाप करायचंच तर अर्धवट कशाला, म्हणून त्यात दोन चमचे साखरही घातली. आणि टाकीत ओतलं.

त्या संध्याकाळी पत्र गेलं.

निसार आला, त्यानं उघडलं, नळीतली साय काडीवर घेऊन बघितली. "वैनी, हे दूध आत चालत गेल्यालं न्हाय." त्रिशला पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. निसारनं हत्यारं पिशवीत भरली. "बरं. पुढल्या महिन्यात कोणत्या तारखेला येऊ?"

घरात दुसरीही एक भानगड चालू होती. अक्काताईंच्या नियमापासून घरात चहा शिजत नव्हता, आणि आता तर दहा कप काफी संपवायची. त्रिशला सुईदोऱ्याच्या निमित्तानं शेजारी कुलसुमकडं जाऊन चुलीशी बसून चहा पिई. एकदा ती अशी बशी तोंडाला लावते आहे तोच बाहेरच्या खोलीतून ओळखीचा आवाज आला. "मिस्त्री, आज जरा कडक सांगा. सकाळपासून तोंड कडू झालंय." तो तात्यासो. रोज संध्याकाळी 'रंकाळ्याला फिरून येतो' म्हणून जाणारा माणूस शेजारच्या दारात फिरून येत होता. त्रिशला बाहेर गेली. नवरा-बायको हातात बशा घेऊन एकमेकांसमोर उभे राहिले, तंबाखू खाताना मास्तरांना सापडल्यासारखे.

"साखर बरोबर हाय का?" शेवटी तात्यासोनं विचारलं.

कुलसुम कपाळाला हात लावून हसत सुटली. "त्रिशलाताई, तुमचं घर खुळं हाय काय हो? एक शब्द बोलायचा, तर न्हाय. अमेरिकेचं यंत्र बिघडवायचं, दुसऱ्याच्यात चोरून चहा प्यायचा, पण तो एक शब्द काय बोलायचा न्हाय!"

"आमी बोलून काय उपेग," तात्यासो म्हणाला. "ज्यांनी बोलायचा त्यांनी बोलायला पायजे."

चौथ्यांदा दूध ओतलं, त्यावर आलेलं पत्र मात्र त्रिशलानं पुन्हा पुन्हा वाचलं. भरतेशनं लिहिलं होतं, 'यंत्र इतकं बिघडतं म्हणजे माझ्याच निवडीत खोट. आईला त्रास झाला. मी याहून मोठं, वीस कपांचं, धाडतो. वीस तारखेच्या रविवारी सकाळी आठला गणपतरावांच्या फोनवर कॉल लावतो, बिघाड नीट सांगा. मग पुन्हा त्रास द्यायला नको.'

वीस कप! पण ती भीती मागाहून आली. आधी त्या शेवटच्या वाक्यानं तिला धरलं. मग पुन्हा त्रास द्यायला नको. म्हणजे नवं यंत्र बिघडणार नाही, पत्रं थांबणार. जे काय बोलायचं ते रविवारी, परदेशी कॉलच्या तीन मिनिटांत. नाहीतर संपलं.

रविवारी वखारीच्या ऑफिसात गणपतरावांनी फोनचं छोटं कुलूप काढलं, फोनवरचा विणलेला रुमाल काढला आणि मनगटावरचं घड्याळ डोळ्यांपुढं धरून पंच म्हणून उभे राहिले. निसार, कुलसुम दारात. अक्काताई म्हणाल्या होत्या, "मी नुसती फोन बघायला येतो." त्या सागवानाच्या ओंडक्यावर डोक्यावरचा पदर सावरून बसल्या.

आठचा कॉल लागायला उशीर झाला, साडेआठला घंटी वाजली. तात्यासोनं पहिलं अर्धं मिनिट नुसत्या 'हॅलो'त घालवलं. मग तो ओरडला, "यंत्र? यंत्र बरं हाय! पाऊस? पाऊसबी बरा हाय!"

"एक मिनिट गेलं," गणपतराव म्हणाले.

त्रिशलानं फोन ओढून घेतला. खूप लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा दिराचा आवाज आला. "वहिनी, नक्की कुठं अडकतं ते?" तिला सांगायचं होतं ते दुसरंच. "नळीत, भावजी," ती म्हणाली. "नळीतच अडकतं." आणि डोळे पुसत ती उभीच राहिली.

"दोन मिनिटं!"

त्रिशलानं मागं बघितलं. ओंडका रिकामा होता. अक्काताई तिच्या खांद्याशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी हात पुढं केला. फोन उलटा धरला होता तो निसारनं सुलटा करून दिला.

"व्हय. मी," अक्काताई म्हणाल्या.

पलीकडून काहीतरी आलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटले.

"रडतोस काय? मिनिटं मोजाय लागल्यात हितं. ऐक. दुसरं यंत्र धाडू नको. ह्याला काय धाड भरल्या न्हाय. तुझी वैनी दूध ओतून पाडती त्याला आजारी. मी बघतो की दर खेपंला, अंगणातनं."

त्रिशलाच्या तोंडाचा आ झाला. मग तिच्या पोटातून, कितीतरी महिन्यांचा दम सुटावा तसं हसू वर आलं. ती मटकन त्याच ओंडक्यावर बसली. तात्यासो तिच्या शेजारी. कुलसुमनं पदर तोंडात कोंबला होता.

"तीन मिनिटं..." गणपतरावांनी म्हटलं, आणि अक्काताईंनी नुसतं बघितलं तसं घड्याळ पाठीमागं लपवलं.

"आन् कडू हाय तुझी काफी," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "चार वर्सं झाली, मी चहाला तोंड लावलं न्हाय. तू घरात आल्याबिगर लावायचा न्हाय, असा माझा नियम हाय. पित्तबित्त काय न्हाय मला. त्या उंबऱ्याचं बोललो ते मीच बोललो, आता हे बी मीच बोलतो. ये बाबा. तिला घेऊन ये. मला चहा प्यायचाय."